लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस बसवून बाहेरून जोडणी देताना: कोणतं दार आधी, कोणतं शेवटी

सर्व्हर घेतला, पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवला, सर्व्हरवर बसून सगळं नीट चालतंय. लॅपटॉपवरून जोडायला गेलं की मात्र ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मग कुठूनतरी मिळालेल्या चार ओळी फाइलमध्ये डकवल्या जातात, फायरवॉल ‘जरा वेळ’ बंद होते, पासवर्ड सोपा केला जातो. कधीतरी जोडणी लागते. कशामुळे लागली ते कळत नाही, आणि वाटेत उघडं टाकलेलं काहीही पुन्हा बंद होत नाही. असे डेटाबेस मी इतके पाहिलेत, की हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवायचं ठरवलं.

बाहेरून येणारी जोडणी चार दारांतून आत येते. पहिलं फायरवॉल. दुसरं, पोस्टग्रेस कोणत्या पत्त्यावर कान देऊन बसलंय ते. तिसरं, कोणाला कुठून येऊ द्यायचं ती ‘पीजी_एचबीए’ फाइलमधली यादी. चौथं, वापरकर्त्याचा पासवर्ड आणि त्याचे हक्क. उघडायची ती आतून बाहेर, एका वेळी एक, आणि प्रत्येक दार उघडल्यावर तपासून. सगळ्यात बाहेरचं सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर अडलेलं दार कोणतं ते लगेच कळतं, आणि काम अर्धवट सोडून उठलात तरी डेटाबेस उघडा पडत नाही.

पुढचं सगळं उबंटू २४.०४ आणि त्यात मिळणाऱ्या पोस्टग्रेस १६ ला धरून आहे. डेबियनवरही पायऱ्या जवळपास त्याच, फाइलच्या मार्गातला आवृत्तीचा आकडा मात्र बदलतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

## आधी तयारी

कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: सर्व्हरचा आयपी, ज्या मशीनवरून जोडायचंय तिचा बाहेर दिसणारा आयपी, आणि सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनलमधून थेट कन्सोल कसा उघडतो ते. तिसरी गोष्ट सगळे टाळतात. एसएसएचमधून (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सुरक्षित वाट) स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत, तर परत आत जायला तोच एक रस्ता उरतो. कन्सोल आत्ताच एकदा उघडून, लॉगिन करून पाहा.

दुसऱ्या गोष्टीत वेगळीच चूक होते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि लोक तोच लिहून घेतात. तो राउटरच्या आतला पत्ता आहे. सर्व्हरला दिसतो तो राउटरचा बाहेरचा पत्ता.

आता खरा प्रश्न: डेटाबेसचं पोर्ट बाहेर उघडायलाच हवंय का? दुसऱ्या सर्व्हरवरचं ॲप्लिकेशन सतत जोडलेलं राहणार असेल, तर हो. फक्त तुम्हाला किंवा दोन-चार सहकाऱ्यांना अधूनमधून टेबलं बघायची असतील, तर नाही. त्यांच्यासाठी एसएसएचचा बोगदा, म्हणजे एसएसएचच्या जोडणीतूनच डेटाबेसपर्यंत जायची वाट, पुरतो (तो शेवटी दिलाय), आणि मग टप्पा ६, ७ आणि ८ करावेच लागत नाहीत. तुमचा इंटरनेटचा आयपी दर काही दिवसांनी बदलत असेल तरीही बोगदाच घ्या. नाहीतर कंटाळून एक दिवस सगळ्या जगाला परवानगी देऊन बसाल.

## टप्पा १: पहिलं लॉगिन आणि स्वतःचा वापरकर्ता

रूटने, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याने, आत जा. ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी अपग्रेड’. ‘/व्हार/रन’ मध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसली तर सर्व्हर आत्ताच रीबूट करा, डेटाबेस चालू झाल्यावर नको.

मग ‘ॲडयूझर’ने स्वतःचा वापरकर्ता बनवा आणि ‘यूझरमॉड -एजी सुडो’ने त्याला सुडो गटात, म्हणजे गरजेपुरते रूटचे हक्क वापरू शकणाऱ्यांच्या गटात, घाला. इथे ‘ए’ लहान आणि ‘जी’ मोठा. ‘ए’ राहिला तर वापरकर्ता त्याच्या इतर जादा गटांतून बाहेर फेकला जातो.

तपासणी: दुसऱ्या खिडकीत नव्या वापरकर्त्याने लॉगिन करून ‘सुडो हूॲमआय’ चालवा. उत्तर ‘रूट’ यायला हवं. रूटची खिडकी अजून बंद करू नका.

## टप्पा २: एसएसएचला किल्ली, पासवर्डला रजा

आपल्या मशीनवर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ने किल्लीची जोडी बनवा आणि ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पाठवा. किल्लीने लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ आणि ‘परमिटरूटलॉगिन नो’ करा.

इथे उबंटूवर भलेभले फसतात. मुख्य ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘नो’ लिहिलं, सेवा पुन्हा सुरू केली, तरी पासवर्ड चालतोच. कारण त्या फाइलच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाइली ओढून घेतल्या जातात, आणि एसएसएच एकाच सेटिंगची जी किंमत आधी सापडेल तीच धरतं. बऱ्याच तयार सर्व्हरवर त्या फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असते आणि तिच्यात ‘यस’ लिहिलेलं असतं. बदल तिथे करा.

तपासणी: ‘सुडो एसएसएचडी -टी’ यातला टी लहान असेल तर फाइलमधल्या चुका सापडतात, मोठा असेल तर सध्या खरोखर लागू असलेल्या सेटिंग छापल्या जातात. आधी लहान, मग सेवा पुन्हा सुरू, मग मोठा. सेवेचं नाव उबंटूवर ‘एसएसएच’ आहे.

## टप्पा ३: फायरवॉल, पण डेटाबेसचं नाव न काढता

यूएफडब्ल्यू ही उबंटूतली फायरवॉल. तिला तीन ओळी, याच क्रमाने:

१. ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच’
२. ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’
३. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज’

सावधान: पहिली ओळ न चालवता दुसरी चालवली तर पुढचं लॉगिन बंद. हे माझ्या हातून घडलंय. चालू खिडकी तशीच होती, म्हणून काही बिघडलंय हे कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाता येईना. कन्सोलने वाचवलं.

तिसऱ्या ओळीच्या उत्तरात येणाऱ्या जोडण्यांसाठी ‘डिनाय’ दिसलं की झालं. ५४३२, म्हणजे पोस्टग्रेसच्या नेहमीच्या पोर्टचा नियम इतक्यात घालायचा नाही.

## टप्पा ४: पोस्टग्रेस बसवणं

‘सुडो एपीटी इन्स्टॉल पोस्टग्रेसक्यूएल’. एवढंच. पण तपासताना घोळ होतो: ‘सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल’ विचारलं की ‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’ असं उत्तर येतं आणि लोक घाबरून पुन्हा बसवायला घेतात. ती सेवा नुसती छत्री आहे. खरी सेवा ‘पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन’. उलट, खरी सेवा पडलेली असतानाही छत्री हिरवीच दिसते, आणि हे जास्त घातक.

तपासणी: ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवा. आवृत्ती, पोर्ट, स्थिती, डेटाची जागा, लॉग फाइल सगळं एका ओळीत येतं. स्थिती ‘ऑनलाइन’ आणि पोर्ट ५४३२ हवं. सर्व्हरवर पोस्टग्रेसची जुनी आवृत्ती आधीपासून असेल तर नवीला ५४३३ मिळालेलं असतं. तसं असेल तर पुढे सगळीकडे तोच आकडा.

## टप्पा ५: डेटाबेस, वापरकर्ता आणि आतली चाचणी

‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ने आत जा (इथे ‘यू’ लहान; पीएसक्यूएल म्हणजे पोस्टग्रेसशी बोलायचं टर्मिनलवरचं साधन) आणि ॲपसाठी वेगळी भूमिका, म्हणजे पोस्टग्रेसमधला वापरकर्ता, बनवा: ‘क्रिएट रोल हिशोब_ॲप लॉगिन’. मग तिच्याच मालकीचा डेटाबेस: ‘क्रिएट डेटाबेस हिशोब ओनर हिशोब_ॲप’. बाहेरून येण्यासाठी ‘पोस्टग्रेस’ हा महावापरकर्ता कधीही वापरू नका. त्याचा पासवर्ड फुटला तर नुसता डेटा जात नाही, सर्व्हरवर कमांड चालवण्यापर्यंत मजल जाते.

पासवर्ड देताना एसक्यूएलमध्ये उघडा लिहू नका, तो कमांडच्या इतिहासात राहतो. बॅकस्लॅश लावून ‘पासवर्ड हिशोब_ॲप’ लिहिलं की पीएसक्यूएल दोनदा विचारून घेतं. पासवर्ड लांब घ्या, पण जोडणी यूआरएलच्या रूपात देणार असाल तर त्यात ‘@’, ‘/’, ‘#’ अशी चिन्हं नकोत. त्यांनी पत्ता भलतीकडेच तुटतो, आणि दोष बिचाऱ्या फायरवॉलवर जातो.

फक्त वाचणारा वापरकर्ता हवा असेल तर डेटाबेसला ‘कनेक्ट’, स्कीमाला ‘यूसेज’ आणि सगळ्या टेबलांना ‘सिलेक्ट’ हे तिन्ही हक्क द्या. तरीही महिन्याभराने तक्रार येते, ‘नवं टेबल दिसत नाही’. ‘सगळ्या टेबलांना’ याचा अर्थ त्या क्षणी असलेल्या टेबलांना. पुढच्यांसाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ लागतं, आणि तेही टेबलं बनवणाऱ्या भूमिकेच्या नावाने, म्हणजे ‘फॉर रोल हिशोब_ॲप’ लावून. हा शेपटीचा भाग गळतो, मग वर्षभर कोणी ना कोणी हाताने हक्क देत बसतं.

तपासणी: सर्व्हरवरूनच ‘पीएसक्यूएल -एच १२७.०.०.१ -यू हिशोब_ॲप हिशोब’. इथे ‘एच’ लहान, ‘यू’ मोठा. ‘-एच’ सोडू नका. तो नसेल तर जोडणी युनिक्स सॉकेटमधून जाते आणि तिथे ‘पीअर’ पद्धत लिनक्सच्या वापरकर्त्याचं नाव तपासते, पासवर्ड विचारतच नाही. त्या चाचणीतून पासवर्डबद्दल काहीच कळत नाही. इथे अडलात तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: ऐकायचा पत्ता

फाइल ‘/ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१६/मेन/पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ’. आधी तिची प्रत काढा. आत ‘लिसन_ॲड्रेसेस’ शोधा. ओळीच्या सुरुवातीला ‘#’ असतं. ते न काढता किंमत बदलणं ही पहिली चूक.

दुसरी चूक जास्त खोल आहे. इथे लोक स्वतःच्या लॅपटॉपचा आयपी लिहितात. हे सेटिंग कोणाला येऊ द्यायचं ते ठरवत नाही. सर्व्हरने आपल्या कोणत्या पत्त्यावर ऐकायचं, एवढंच ते सांगतं. परका पत्ता लिहिला की पोस्टग्रेसला तो धरता येत नाही. यादीत तेवढा एकच पत्ता असेल तर ते सुरूच होत नाही. सर्व्हरचा सार्वजनिक आयपी लिहूनही हेच होऊ शकतं, कारण बऱ्याच क्लाउड सर्व्हरवर तो पत्ता मशीनच्या नेटवर्क कार्डावर नसतोच, बाहेरच्या बाहेर भाषांतर होऊन येतो. ‘आयपी ॲडर’ कमांड खरे पत्ते दाखवते.

दोन सर्व्हर एकाच खाजगी नेटवर्कवर असतील तर ‘लोकलहोस्ट’, स्वल्पविराम आणि सर्व्हरचा खाजगी पत्ता एवढंच लिहा. तसं नेटवर्क नसेल तर तारांकन, म्हणजे सर्व पत्ते. एकेरी अवतरणचिन्हं विसरू नका. तारांकन लिहिलं म्हणजे दार सताड उघडलं असं नाही. फायरवॉल अजून बंद आहे. आपण आतून बाहेर निघालो ते याचसाठी.

हा बदल ‘रीलोड’ने लागू होत नाही, ‘रीस्टार्ट’च लागतो.

तपासणी: ‘सुडो एसएस -एलटीएनपी’. ५४३२ च्या ओळीत १२७.०.०.१ ऐवजी ०.०.०.० किंवा तुमचा खाजगी पत्ता दिसायला हवा.

दिसत नसेल तर पीएसक्यूएलमध्ये ‘शो कॉन्फिग_फाइल’ विचारा. दुसऱ्याच आवृत्तीची फाइल बदललेली असू शकते. फाइल बरोबर आहे आणि तरी किंमत जुनीच? मग डेटाच्या फोल्डरातली ‘पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ’ बघा. कोणी पूर्वी ‘ऑल्टर सिस्टम’ चालवलं असेल तर ती किंमत तिथे असते, आणि ती मुख्य फाइलवर मात करते. ती हाताने खोडू नका, ‘ऑल्टर सिस्टम रीसेट लिसन_ॲड्रेसेस’ चालवा.

## टप्पा ७: पीजी_एचबीए, म्हणजे दारावरची यादी

त्याच फोल्डरातली ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’. हिचीही प्रत काढा, मग ही एक ओळ घाला:

‘होस्टएसएसएल   हिशोब   हिशोब_ॲप   २०३.०.११३.२५/३२   स्क्रॅम-एसएचए-२५६’

डावीकडून वाचा: एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीलाच प्रवेश, हा डेटाबेस, हा वापरकर्ता, या पत्त्यावरून, या पद्धतीने ओळख पटवून. (पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे, तिथे तुमचा घाला.) शेवटचा ‘/३२’ म्हणजे नेमका हा एकच पत्ता. तो गळला तर पोस्टग्रेस पुढचा शब्द नेटवर्कचा मास्क समजून वाचायला जातं आणि ओळ चुकीची ठरते. ‘०.०.०.०/०’ म्हणजे इंटरनेटवरचा प्रत्येक आयपीव्ही४ पत्ता. आणि ‘ट्रस्ट’ ही पद्धत बाहेरच्या कोणत्याही पत्त्यापुढे लिहू नका, चाचणीपुरतीसुद्धा नाही. तिच्यात पासवर्ड विचारलाच जात नाही.

यादी वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ निकाल देते. तिथे पासवर्ड चुकला तर खालची ओळ बघितली जात नाही. जुन्या सर्व्हरवर तुमच्या ओळीच्या वर कोणी ढोबळ ओळ टाकून ठेवली असेल, तर तुमची काळजीपूर्वक लिहिलेली ओळ कधी वाचलीच जाणार नाही.

डेटाबेस जुन्या आवृत्तीतून आला असेल तर आणखी एक गोष्ट. पासवर्ड एमडी५ या जुन्या रूपात साठवलेला असेल तर स्क्रॅमच्या ओळीतून तो कधीच चालत नाही, अक्षरन् अक्षर बरोबर असला तरी. आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड आपोआप स्क्रॅममध्ये साठतात, म्हणून तोच पासवर्ड पुन्हा एकदा दिला की काम होतं. फक्त ‘पासवर्ड_एन्क्रिप्शन’ हे सेटिंग जुन्या फाइलीतून एमडी५ राहिलेलं नाही ना, ते बघा.

सावधान: या फाइलला ‘रीलोड’ पुरतो. पण तिच्यात चूक असेल तर रीलोड गुपचूप जुनीच यादी चालू ठेवतो आणि चूक फक्त लॉगमध्ये लिहितो. तीच फाइल घेऊन पुढे कधी सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर पोस्टग्रेस उठतच नाही. म्हणजे आजची चूक तीन महिन्यांनी, एखाद्या रीबूटनंतर मध्यरात्री समोर येते.

तपासणी: रीलोडच्या आधी पीएसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट * फ्रॉम पीजी_एचबीए_फाइल_रूल्स’ चालवा. ते थेट फाइल वाचतं. ‘एरर’ हा स्तंभ सगळीकडे रिकामा हवा.

## टप्पा ८: आता फायरवॉल

‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ प्रोटो टीसीपी फ्रॉम २०३.०.११३.२५ टू एनी पोर्ट ५४३२’

नुसतं ‘अलाउ ५४३२’ लिहिलं तर पोर्ट सगळ्यांना उघडतं, आयपीव्ही६ वरूनही. आधी तसं केलं असेल तर नवा नेमका नियम घालून जुना आपोआप जात नाही. तो शोधून काढावा लागतो.

क्लाउडवर याच्याही बाहेर कंपनीच्या पॅनलमधली वेगळी फायरवॉल असू शकते. तिथेही हाच पत्ता, हेच पोर्ट. आणि पोस्टग्रेस डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणारं साधन) चालवत असाल तर हे लक्षात ठेवा: डॉकर पोर्ट बाहेर देताना स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो. ‘डिनाय’ दिसत असतानाही पोर्ट उघडं असतं. तिथे पोर्ट १२७.०.०.१ ला किंवा खाजगी पत्त्यालाच बांधा.

## टप्पा ९: बाहेरून जोडणी आणि चुकांची भाषा

आपल्या मशीनवरून आधी नुसतं ‘एनसी -झेडव्ही’, सर्व्हरचा पत्ता, ५४३२. रस्ता मोकळा आहे की नाही एवढंच यातून कळतं. मग पीएसक्यूएलने जोडा आणि ‘एसएसएलमोड=रिक्वायर’ द्या.

- टाइम-आउट: पाकीट वाटेतच गडप झालं. यूएफडब्ल्यू, क्लाउडची फायरवॉल किंवा चुकीचा आयपी. पोस्टग्रेसच्या फाइलींना हात लावू नका.
- कनेक्शन रिफ्यूज्ड: बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. टप्पा ६.
- नो पीजी_एचबीए एन्ट्री: पोस्टग्रेसपर्यंत पोचलात. संदेशात सर्व्हरला दिसलेला तुमचा पत्ता लिहिलेला असतो. तो आणि टप्पा ७ मधला पत्ता शेजारी ठेवून पाहा.
- पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड: पासवर्ड चूक, किंवा त्या नावाची भूमिकाच नाही. बाहेर मुद्दाम एकच उत्तर दिलं जातं. खरं कारण ‘/व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल’ मधल्या लॉगमध्ये सापडतं.

‘एसएसएलमोड’ दिलाच नाही तर एक फसवी गोष्ट घडते. पीएसक्यूएल आधी एन्क्रिप्शनने प्रयत्न करतं, तो फसला की एन्क्रिप्शनशिवाय पुन्हा करतं, आणि दोन्ही अपयशं एकाखाली एक छापतं. समजा पासवर्ड चुकला. पहिल्या ओळीत ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतं. दुसऱ्या प्रयत्नाला आपली ‘होस्टएसएसएल’ ओळ लागू होत नाही, म्हणून शेवटी येतं ‘नो पीजी_एचबीए एन्ट्री… नो एन्क्रिप्शन’. नजर शेवटच्या ओळीवर जाते, आणि धडधाकट पीजी_एचबीए फाइल उचकटायला घेतली जाते. दुखणं पहिल्या ओळीत असतं. ‘रिक्वायर’ दिलं की दुसरा प्रयत्नच होत नाही.

‘रिक्वायर’ने मजकूर एन्क्रिप्ट होतो, पण समोरचा सर्व्हर खरंच आपला आहे का हे तपासलं जात नाही. त्यासाठी सर्व्हरच्या नावाचं प्रमाणपत्र आणि ‘व्हेरिफाय-फुल’ लागतं. उबंटूत आपोआप तयार झालेलं प्रमाणपत्र कायमच्या कामाला धरू नका.

## बोगद्याची वाट

‘एसएसएच -एन -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२ वापरकर्ता@सर्व्हर’. ‘एन’ आणि ‘एल’ दोन्ही मोठे. ही खिडकी चालू ठेवून दुसरीकडे ‘पीएसक्यूएल -एच लोकलहोस्ट -पी ५४३३ -यू हिशोब_ॲप हिशोब’. यात ‘पी’ लहान. डावीकडे मुद्दाम ५४३३ घेतलंय. लॅपटॉपवरही पोस्टग्रेस असेल तर ५४३२ वर तेच बसलेलं असतं, आणि सर्व्हर समजून आपण स्वतःच्याच डेटाबेसमध्ये टेबलं शोधत बसतो. बोगद्यातून आलेली जोडणी पोस्टग्रेसला सर्व्हरच्या आतूनच आलेली दिसते, त्यामुळे टप्पा ५ ची चाचणी पार पडली असेल तर आणखी काही बदलावं लागत नाही.

## शेवटची चाचणी उलटी

जोडणी लागली म्हणून उठू नका. लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटवर घ्या, म्हणजे पत्ता बदलेल, आणि बोगद्याशिवाय थेट ५४३२ ला जोडून पाहा. इथे टाइम-आउटच यायला हवा. पासवर्ड विचारला गेला, किंवा ‘नो पीजी_एचबीए एन्ट्री’ आलं, तर बाहेरचं दार उघडं आहे. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड’ने तो नियम शोधा, ‘डिलीट’ आणि त्याचा क्रमांक देऊन काढा. एक नियम काढला की खालच्यांचे क्रमांक सरकतात, म्हणून दुसरा काढण्याआधी यादी पुन्हा मागवा. मग क्लाउडच्या पॅनलमध्येही तेच बघा, आणि त्याच मोबाइलच्या इंटरनेटवरून पुन्हा एकदा जोडून पाहा.